डेलमरसाठी शांत जागा

लिंडन, साउथ डकोटा
९ जून १९९४

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

आम्ही निघालो. तू शनिवारी आलीस तेव्हा दाराला कुलूप बघून हबकली असशील. सांगून निघायचं मनात होतं. पण तू रडली असतीस, आणि तुला रडताना बघून डेलमरने सगळं सामान परत उतरवलं असतं. कुणी रडलं की घरात काहीतरी झालंय एवढं त्याला अजून कळतं.

रीनेशी काय ठरलंय ते तुला नीट सांगते, कारण गाव आपल्या मनाने काहीही जुळवेल. ती सू फॉल्सला ज्या वृद्धाश्रमात नर्स आहे, तिथे कुलूपबंद दाराचा एक विभाग आहे. त्यात तिने बापाच्या नावाने खाट धरून ठेवली आहे. हा उन्हाळा तिने मला दिला. अट एकच. तो एकदाही हरवता कामा नये. हरवला, तर त्याच आठवड्यात तो खाटेवर. मी तिचा हात हातात घेऊन कबूल केलं. नवऱ्यावरून पोटच्या मुलीशी असा व्यवहार करावा लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. हात सोडल्यावर ती म्हणाली, की आई, तुझा हात गार पडलाय. तिचाही पडला होता.

डॉक्टरांनी सांगितलंय की त्याला शांतता हवी. गोंगाट नको, गर्दी नको. म्हणून मी मुक्कामाची जागा अशी निवडते: कॅम्पर लावायच्या तळाच्या अलीकडे रस्त्यावरच पिकअप थांबवते, इंजिन बंद करते, काच खाली करते आणि ऐकते. काही ऐकू आलं नाही तर आत वळते. हमरस्ता जवळ नको, पाणी नको, मुलांचे झोपाळे नकोत. शिवाय तिथून गावाची उंच धान्यकोठी दिसली पाहिजे. डेलमरने सारा जन्म आपल्या गावच्या कोठीवर काढला. आपण कुठे आहोत असं त्याने विचारलं की मी बोट दाखवते. कोठी बघून तो म्हणतो, की गाव बरं दिसतंय.

पिकअपला जोडलेलं हे चाकांवरचं घर, कॅम्पर, मागे घेताना तो अजून पाठीमागे उभा राहून हात करतो. तुला माहीत आहे, नवरा-बायको कॅम्पर कसा लावतात हे बघायला लोक खुर्च्या घेऊन बसतात. तो डावीकडे दाखवतो तेव्हा मला उजवीकडे घ्यायचं असतं. मी आरशात बघून माझं मी करते. मग तो येऊन म्हणतो, की जमलं आपल्याला.

फोन करणार नाही. फोनच्या खोक्यात शिरलं की त्याच्याकडे पाठ होते. पत्र लिही. पुढच्या गावाच्या पोस्टात माझ्या नावाने राखून ठेवायला सांग. आणि तू नि विल्मर इतकी वर्षं हिंडलात, तर शांत जागा कळव.

रागावली असशील तर राग पत्रात लिहून टाक आणि लोभ तेवढा मागे ठेव.

तुझी,
आर्डिथ

—

नॉयफेल्ड
१६ जून

प्रिय आर्डिथ,
अ. उ. आ.

खरं तर आशीर्वादावरच थांबायला हवं. पुढे जे लिहायचं होतं ते पाद्रीबुवांच्या बायकोसमोर बसून लिहिता येत नाही, आणि ती आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसली आहे.

शनिवारी तुझ्या पायरीवर मी कुखेन घेऊन उभी. आलुबुखारा घालून भाजलेलं, डेलमरला आवडतं तसं. दार वाजवलं, खिडकीतून बघितलं. पडदे काढलेले! मला वाटलं, तो गेला आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. एल्सी फौथने कुंपणावरून ओरडून सांगितलं, की ती दोघं कॅम्पर जोडून पहाटेच गेली. कुखेन एल्सीने खाल्लं. आता ते तुमच्या दोघांच्या माथी.

चर्चमधल्या बायकांपैकी अर्ध्या म्हणतात की तुला वेड लागलं, अर्ध्या म्हणतात की तू धीराची आहेस. चेहरा दोन्ही गटांचा सारखाच असतो. मला विचारतात. मी म्हणते, की माझी बहीण लहानपणापासून अशीच आहे, शेळी सुटली तर शेळीबरोबर जाते.

आता जागांचं. राज्याच्या उद्यानांत जाऊ नकोस, तिथे गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घातलेले म्हातारे तुला भूगोल शिकवतात. धरणाकाठी तर अजिबात नको. हमरस्त्यालगतची कॅम्पर लावायची जी मोठी आरव्ही पार्क असतात, त्यांना विल्मर ट्रकवाल्यांचा गोठा म्हणायचा. पैसे देऊन चाकाखाली झोपायचं. लहान गावांची नगर उद्यानं धर. एक नळ, विजेचा एक खांब, देणगीची एक पेटी. संध्याकाळी गावचा पोलीस येऊन तुम्ही कोण ते बघतो आणि दुसऱ्या दिवशी मक्याची कणसं आणून देतो.

सगळ्यांत शांत टॉलिव्हर. बेसबॉलच्या मैदानामागे, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांच्या पलीकडे. आम्ही होतो तेव्हा दुसरं चिटपाखरू नव्हतं. मला माझ्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. विल्मरला तिथे झोप लागली नाही, पण तो माणूस झोपला कुठे होता?

रीनेचं चुकत नाही, एवढं मी लिहिणार. तुझं चुकतंय असं मात्र लिहिणार नाही. जेवत जा. डेलमरला माझा नमस्कार सांग; मी कोण ते त्याने विचारलं तर ते मला कळवू नकोस, मला वाईट वाटेल.

तुझ्यावर नेहमीसारखीच जीव लावून वैतागलेली,
मार्लिस

—

हॅरोल्ड धरण
३ जुलै

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

तू नको म्हटलेल्या जागीच आहे. परवा वादळ आलं. आकाश हिरवं झालं, आणि पहिलाच फाटा दिसला तो घेतला. काल सकाळी पडदा सारला आणि मी बघतच राहिले. बोटी, रेडिओ, कुत्री, चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनासाठी आधीपासूनच फटाके. प्रत्येक कॅम्परच्या मागे जनरेटर. आपल्या माणसांना सुटी मिळाली की ती घरातला सगळा आवाज घेऊन बाहेर पडतात.

मी भांडी घासत होते. बघते तर डेलमर पायरीवर नाही! तीन कॅम्पर पलीकडे सापडला. कुणाच्या तरी जनरेटरपाशी उभा होता. त्याच्या झाकणावर हात ठेवून, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. तो हरवला नव्हता, मार्लिस. माझ्या नजरेसमोर होता, मीच चुकीच्या बाजूला बघत होते. हे रीनेला कळवायची गरज नाही.

जनरेटरचा मालक त्याच्याशी बोलत होता. डेलमर हसत होता. नंतर त्यांनी त्याला खुंटीवर नाल फेकायच्या खेळाला बोलावलं, आणि दुपारभर तो त्यांच्यात होता. चेहरा लाल, डोळे चमकत होते. एका बाईने मला सांगितलं, की तुमचा नवरा भारी विनोदी आहे. हीच ती उत्तेजना; डॉक्टरांनी जिची भीती घातली होती. मी त्याचा दंड धरून त्याला आत आणलं. तो आला. तो नेहमीच येतो. आपल्याकडची माणसं नाही म्हणत नाहीत, गप्प होतात. तो गप्प झाला.

आधीच्या तळांवर त्याला झोप लागत नव्हती. एकदम शांत जागा, खाली मऊ गादी, तरी कॅम्परच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचा. खिडकीपाशी थांबायचा, परत चालायचा. शांततेला सरावायला त्याला वेळ लागेल असं दिसतं. इथे मात्र थकून आडवा झाला तो सकाळीच उठला. किती दमवलं त्याला या लोकांनी!

उद्या निघतो. वाटेत एक-दोन ठिकाणी थांबत तुझ्या टॉलिव्हरला जाऊ. तिथल्या पोस्टात पत्र टाक.

जागा चांगली निघाली तर श्रेय तुझं. वाईट निघाली तरी बहीण माझीच.

आर्डिथ

—

नॉयफेल्ड
१२ जुलै

प्रिय आर्डिथ,
अ. उ. आ.

हे पत्र वाचत असशील तेव्हा तू माझ्या झाडांच्या सावलीत बसली असशील. सांग आता, ऐकू येतंय का काही? मी सांगितलं नव्हतं?

इथे गव्हाची कापणी लागली. रस्त्याने सारखे ट्रक. माझ्या घरात धूळ इतकी, की काल मी पियानोवर बोटाने माझं नाव लिहिलं. एल्सीला मी तुझं पत्र थोडं वाचून दाखवलं, जनरेटरचं सोडून. ती म्हणाली, की आर्डिथला आता हुरूप आलाय. मी म्हटलं, की तिला हुरूप नव्हता कधी?

डेलमरला त्या झाडांखाली खुर्ची टाकून दे आणि तूही जरा डोळे मीट. इतकं सारखं लक्ष ठेवून माणूस आंबतं. त्या जागी त्याला काही होणार नाही, कारण त्या जागी कधी कुणाला काही झालेलं नाही.

खुशाली कळव, म्हणजे मला पुढचं पत्र मोठं लिहिता येईल.

मार्लिस

—

टॉलिव्हर
१६ जुलै

प्रिय मार्लिस,

नमस्कार राहू दे. तुझं पत्र आज पोस्टात मिळालं. पोस्टातल्या बाईने ते माझ्या हातात ठेवलं आणि हात लगेच काढला नाही. गावातल्या सगळ्यांना माहीत आहे.

तो सुखरूप आहे, हे आधी लिहिते. पुढचं वाचताना ते विसरू नकोस. मी ते विसरते आणि मग मला उठून त्याला हात लावून यावं लागतं.

परवा दुपारी पोचलो. रस्त्यात थांबून ऐकलं. काही नव्हतं. आत वळले. उद्यानात आम्हीच. कॅम्पर झाडांच्या बाजूला मागे घ्यायचा होता. डेलमर उतरून पाठीमागे उभा राहिला आणि हात करू लागला. मी आरशात बघत हळूहळू मागे घेत होते. आरशात तो होता, त्याचा हात होता, टोपी होती. मी दुसऱ्या आरशात बघितलं. परत पहिल्यात बघितलं, तर तो नव्हता.

मी उतरून चाकाखाली बघितलं. गुडघ्यांवर बसून, मग गवतावर पोटावर पडून बघितलं. मी नवऱ्याला चिरडलं असं वाटून मी चाकाखाली बघत होते, आणि चाकाखाली गवत होतं. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. मी दुसऱ्या बाजूने जाऊन परत बघितलं. त्यात किती वेळ गेला कुणास ठाऊक. तेवढ्या वेळात तो झाडांतून पलीकडच्या रस्त्याला लागला होता.

हाका मारल्या. तुझी ती शांतता. हाक जायची आणि परत यायची नाही. विचारायला माणूस नव्हतं. धावत गावात गेले, पहिल्या घराचं दार उघडून सरळ आत शिरले. तिथल्या बाईने शेरीफला फोन केला. शेरीफच्या माणसाने आधी मक्यात शोधायचं ठरवलं, कारण या दिवसांत मका डोक्याच्या वर असतो, आणि आत शिरलेलं माणूस ओळीच धरून चालत राहतं. गावातली माणसं आली. ओळीला एक असं उभं राहून शेत चालत गेली. मी बांधावर. पानांचा आवाज येत होता, माणसं दिसत नव्हती.

तो मक्यात नव्हता. तो रस्त्याने चालला होता, भर उन्हात, सगळ्यांच्या समोरून. हे नंतर कळलं. त्या रस्त्याने जो जो गेला त्याला शेरीफच्या माणसाने विचारलं. प्रत्येकाने त्याला बघितलं होतं. मार्लिस, प्रत्येकाने! आणि प्रत्येकाने स्टिअरिंगवरचं बोट उचललं होतं, आपल्याकडे रस्त्यात भेटेल त्याला नमस्कार म्हणून उचलतात तसं. त्यानेही उचललं. बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेला म्हातारा, रस्त्याच्या डाव्या कडेने, बोट बरोबर उचलणारा. कुणाच्या मनात काही आलं नाही. एका शेतकऱ्याने मला सांगितलं, की त्याने हात हलवला असता तर मी थांबलो असतो, बोट उचलल्यावर कसा थांबणार? एका बाईने जाताना बोट उचललं आणि येतानाही. ती मला म्हणाली, की किती छान उचललं हो त्यांनी. आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

तो ब्रॅडकला सापडला, पुढच्या गावी. धान्यकोठीवर. कापणीचा धडाका, ट्रकांची रांग, धूळ, धान्य वर नेणाऱ्या पट्ट्यांचा खडखडाट. कोठीचा व्यवस्थापक कर्ट ओडेनबाख म्हणून तरुण माणूस आहे. त्याला मुख्य कचेरीने मदतीला माणूस पाठवायचं कबूल केलं होतं. डेलमर आत गेला, टोपी खिळ्याला लावली आणि वजनकाट्यापाशी स्टुलावर बसला. कर्टला वाटलं, हाच तो माणूस. त्याने त्याला थंड सोडा दिला. दुपारभर डेलमर काट्यावर. शेतकऱ्यांशी पावसाच्या गप्पा, कुणाला टोमणे, दाणा दाताखाली फोडून बघणं. मग त्याने बार्लीचा एक ट्रक गहू ओतायच्या खड्ड्यावर पाठवला. गहू नासला, आरडाओरडा झाला, आणि कर्टने मुख्य कचेरीला फोन करून विचारलं, की कसला माणूस पाठवलात? ते म्हणाले, की आम्ही कुणालाच पाठवलेलं नाही.

शेरीफच्या गाडीतून मला तिथे नेलं. मी दारात उभी राहिले. केसांत गवत, गुडघे मातीचे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काट्यावरचं एक बोट उचललं. कुणालाही उचलतात तसं. मग मला विचारलं, की बाई, तुमच्या मालकांचा ट्रक रांगेत आहे का?

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्याने मला बसायला जागा करून दिली. गाडीत बसल्यावर, गावाबाहेर पडल्यावर तो मला आर्डिथ म्हणाला.

रीनेला शेरीफनेच कळवलं. मला सांगावं लागलं नाही.

आर्डिथ

—

सू फॉल्स
१८ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

शेरीफच्या माणसाने मला कामावर फोन केला. त्याने आधी माझं नाव विचारलं, मग बाबांचं, मग माझं त्यांच्याशी नातं. तोपर्यंत मी त्यांना मेलेलंच धरलं होतं. अजून माझ्या शरीराला ते खोटं असल्याचं कळलेलं नाही. काल मी एका म्हाताऱ्याला औषध देता देता रडले आणि तोच मला समजावत बसला.

तुला मी रागावत नाही. माझ्याजवळ राग उरला नाही. आपलं ठरलं होतं. खाट तयार आहे, पलंगपोस मी घरचा घातला आहे. तुम्ही दोघं शनिवारपर्यंत या. तू गाडी चालवू शकणार नसशील तर मी येते.

तू म्हणशील की जागा वाईट नव्हती. मला माहीत आहे. तू चांगलीच निवडली असणार. आई, जी जागा इतकी शांत आहे की तिथून माणूस गेल्याचं कुणाला कळत नाही, ती मला नको.

माझा हात आजही गार आहे. ये.

रीने

—

नॉयफेल्ड
२२ जुलै

प्रिय आर्डिथ,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि लिहवेना. अक्षरं वाकडी झाली. तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

तू आरशाचं लिहिलंस ते मी एल्सीला सांगायला गेले आणि तिच्या पायरीवरच खाली बसले. ती घाबरून पाणी आणायला धावली.

त्या लोकांवर मी दिवसभर संतापले. गाढवं, म्हटलं, माणूस उन्हात पायी चाललाय, हे बोटं उचलतात! मग संध्याकाळी दूध आणायला गेले. रस्त्याच्या कडेने एक म्हातारा चालला होता. माझं बोट उचललं गेलं. मी पुढे गेले, आणि मग कचकन ब्रेक दाबला. मागे घेऊन काच खाली केली आणि विचारलं, की अहो, तुम्ही ठीक आहात ना? तो आपल्याच गावचा हेन्री निघाला. आपल्या शेताच्या कुंपणाशी चालला होता. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू माझंच काहीतरी बिघडलंय. उद्यापर्यंत गावभर होईल.

टॉलिव्हर मी सांगितलं होतं. त्यावर तू एक शब्द लिहिला नाहीस. लिहिला असतास तर बरं झालं असतं.

त्याला रीनेकडे ने, आर्डिथ. आणि तू इकडे ये. वरची खोली झाडून ठेवली आहे. मी जास्त बोलणार नाही, असं वचन देते. पाळलं नाही तर दार लाव.

तुझी मोठी बहीण,
मार्लिस

—

सू फॉल्स
१० ऑगस्ट

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

खोली झाडलीस, पण मी येत नाही. डेलमर आत आहे. त्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे. मी आकडे दाबते, आत जाते, बाहेर येताना परत दाबते. तो दारापर्यंत पोचवायला येतो आणि पाहुण्याला निरोप द्यावा तसं बोलतो.

मी आश्रमापासून पायी जाता येईल अशा जागी कॅम्पर लावला आहे. विल्मरचा ट्रकवाल्यांचा गोठा. खरोखर तसाच आहे. एका बाजूला हमरस्ता, दुसऱ्या बाजूला ट्रकांचा पेट्रोल पंप. कॅम्पर इतके चिकटून, की शेजारीण शिंकली तर मी तिला देवाचं नाव घेऊन बरं हो म्हणते. या वेळी रस्त्यात थांबून ऐकलं नाही. ऐकायचं कुणासाठी?

कॅम्पर मागे घ्यायला पार्कचा माणूस आला होता. चांगलं सांगत होता. मी त्याला पुढे उभं राहायला लावलं, माझ्या डोळ्यांसमोर.

आश्रम शांत आहे. जमिनीवर जाड गालिचे, परिचारिकांच्या पायांत मऊ बूट. डॉक्टर सांगतात तसंच सगळं. रीने म्हणते, की तो झोपत नाही. खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. वजन उतरलं आहे.

तुझं कुखेन पार्सलने आलं. चुरा झाला होता. त्याने चमच्याने खाल्लं, सगळं.

आठवण ठेव, मी ठेवतेच आहे.

आर्डिथ

—

सू फॉल्स
२८ ऑगस्ट

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

बसून वाच.

मंगळवारी मी त्याच्याजवळ बसले होते. रीने औषधाचा ट्रे घेऊन आली होती आणि दाराशी कप मोजत होती. डेलमरने मला विचारलं, की तुम्ही कुठे उतरलात? त्याला मी तळावरची नवी शेजारीण वाटत होते. मी म्हटलं, की हमरस्त्यालगत. फार आवाज असतो, झोप लागत नाही. तो म्हणाला, की नशीबवान आहात.

मला कळलं नाही. मी तसं म्हटलं.

मग त्याने दाराकडे बघितलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात सांगितलं, की आमच्या हिला शांत जागा लागते. ही रस्त्यात गाडी थांबवते, काच खाली करते, ऐकत बसते. कुठे माणसाचा आवाज आला की चला पुढे. कुठे कुठे नेलं मला हिने, काही विचारू नका. सगळीकडे थडग्यासारखं. सारा जन्म मी पट्ट्यांच्या खडखडाटात काढला, तो बंद पडला की काहीतरी मोडलंय असं समजून उठायचो. अजून उठतो. शोधत बसतो, काय मोडलंय. पण हिला आवडतं ना, म्हणून मी काही बोलत नाही. तिने माझं फार केलंय.

मी विचारलं, की तिला एकदा सांगून का बघत नाही? तो माझ्याकडे बघून हसला, तुमचं लग्न झालेलं नाही वाटतं, असं. म्हणाला, की तिचा एवढाच तर हट्ट आहे.

रीनेच्या हातातला ट्रे कलला. कप खाली पडले, गोळ्या गालिच्यावर सांडल्या, आणि त्या गालिच्यावर त्यांचा आवाजसुद्धा झाला नाही. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून त्या वेचत होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो. सगळ्या वेचून झाल्यावरही रीने उठली नाही. मार्लिस, मी त्याच्यासाठी सारं गवताळ रान पालथं घातलं. त्याने माझ्यासाठी ते सोसलं. आमच्यातल्या एकाने तोंड उघडलं असतं तर! पण आपल्याकडे उघडतं कोण?

दोन दिवस रीने माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून सुटून थेट पार्कात आली. कुंपण हलवून बघितलं. फाटक एकच आहे, तिथे माणूस बसतो, त्याच्याशी बोलली. शेजारणीशी बोलली. मग माझ्या पायरीवर बसून ट्रक ऐकत राहिली. म्हणाली, की आई, हे भयंकर आहे. मी म्हटलं, की हो. म्हणाली, की दाराला घंटा लाव, वरती कडी लाव, मी रोज संध्याकाळी येणार. पहिला बर्फ पडेपर्यंत. खाट मी सोडणार नाही. मी म्हटलं, की सोडू नकोस. या वेळी आम्ही हात मिळवले नाहीत. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि ती लहान असल्यापासून तिने असं केलं नव्हतं.

काल त्याला आश्रमातून माझ्याकडे कॅम्परमध्ये आणलं. आधी तो यायला तयार होईना. परक्या बाईबरोबर कसं जायचं, बायकोला विचारायला हवं. मी म्हटलं, की मी तिला ओळखते, तिची हरकत नाही. त्याला ते पटलं नाही. दाराशी टेबलावर जी मुलगी बसते तिच्यापाशी थांबून त्याने निरोप ठेवला. माझी बायको मला शोधत आली तर सांग, मी गोंगाटाच्या जागी गेलोय. तिला आवडणार नाही. पण म्हणावं, माझ्यासाठी सोसून घे.

त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, की सांग तिला.

तो ऊन असतानाच झोपला आणि सकाळ होईपर्यंत कूस बदलली नाही. बाहेर ट्रक ब्रेक दाबत होते, कुणाचं तरी इंजिन चालूच होतं, शेजारणीचा रेडिओ होता. मी डोळे उघडे ठेवून त्याच्या शेजारी पडून होते.

सोसतेय. तू ये, बघायला. उशी घेऊन ये आणि कानांत घालायला कापूस, आणि आपला जीव असाच माझ्यावर असू दे.

तुझी,
आर्डिथ